नवी गाडी, पण ब्रेक पॅड संपले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास या भागातल्या मराठी गाडीमालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: गाडी घेऊन वर्षही झालं नाही आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पॅड बदला. (पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला आतून आणि बाहेरून दाबून गाडी थांबवणारे घर्षणाचे दोन तुकडे.) भांडायला जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पॅड किती झिजले यापेक्षा कुठे झिजले, कोणत्या चाकाचे आणि आतले की बाहेरचे, यावरून दोष गाडीचा की चालवण्याचा ते कळतं. खालची बरीच उत्तरं या एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात.

१. नव्या गाडीचे पॅड साधारण किती किलोमीटर चालायला हवेत?

पुढचे पॅड ३०,००० ते ६०,००० किमी. गर्दीत चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत ते २०,००० ते २५,००० मध्येही संपू शकतात, त्यात दोष असेलच असं नाही. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर त्यांचे लायनर (ड्रमला आतून घासणारा घर्षणाचा थर) पुढच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात, कारण ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि बहुतेक काम पुढची चाकं करतात. पण १०,००० ते १२,००० किमीत पॅड संपत असतील, तर "तुमची चालवायची पद्धत" हे उत्तर तपासणीशिवाय स्वीकारू नका.

२. पॅड खरंच संपलेत की उगाच बिल वाढवताहेत, हे कसं कळणार?

"३० टक्के बाकी आहेत" या वाक्याला काही अर्थ नाही. मिलिमीटरमध्ये आकडा मागा.

नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो, त्यामागे लोखंडी पट्टी वेगळी. मोजताना पट्टी धरायची नाही. गोंधळ नेमका इथेच होतो: कुणी पट्टीसकट मोजून "अजून भरपूर आहे" म्हणतं, कुणी बाहेरून अंदाजाने "संपले" म्हणतं. थर ३ मिमीच्या आसपास आला की बदलायची तयारी करा. २ मिमीच्या खाली गेल्यावर चालढकल नको. तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरकडे मिळते.

चारही चाकांना डिस्क असतील तर आठ आकडे यायला हवेत, प्रत्येक चाकाचा आतला आणि बाहेरचा. मागे ड्रम असतील तर चार आकडे आणि लायनरची जाडी. हे सगळं जॉब कार्डवर किलोमीटरच्या नोंदीसह लिहून घ्या.

आता हिशेब. समजा थर नवा असताना ११ मिमी होता आणि १०,००० किमीवर ७ मिमी उरला. म्हणजे ४ मिमी गेले. ३ मिमीपर्यंत यायला अजून ४ मिमी आहेत, म्हणजे याच चालीने आणखी सुमारे १०,००० किमी. अशा गाडीचे पॅड आज बदलायची काहीच गरज नाही. पण २०,००० किमीत संपणं जरा लवकरच आहे, म्हणून पुढचे प्रश्न वाचा.

३. चाक न काढता घरी काही बघता येतं का?

थोडंफार. ॲलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलच्या टॉर्चने बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि त्रास बहुधा आतल्याचाच असतो. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहा (प्रश्न १४). ब्रेक हलका लावल्यावर बारीक, सततची किंचाळी येत असेल तर पॅडवरची सूचक पत्री डिस्कला लागत असेल, ती त्यासाठीच बसवलेली असते. "खर्र" असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर मात्र गाडी घाटात नेऊ नका, थेट गॅरेजला न्या.

४. आतला पॅड पार संपला आणि बाहेरचा जवळजवळ नवाच आहे. हे कसं?

हा चालवण्याचा दोष नाही. पाय ब्रेकवर कितीही वेळा पडला तरी दोन्ही पॅड जवळपास सारखेच झिजायला हवेत. १ ते २ मिमीचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) नीट सरकत नाही.

बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या गाइड पिना कोरड्या पडल्या, त्यांच्या रबरी बुटात पाणी-माती गेली किंवा कारखान्यातच ग्रीस कमी लागलं, तर कॅलिपर अडकतो. मग सगळं काम आतला पॅड करतो आणि पाय काढल्यावरही डिस्कला घासत राहतो. पिस्टन मागे सरकत नसेल तरीही हेच दिसतं. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असण्याची शक्यता जास्त.

उपाय: पिना काढून स्वच्छ करणं, बूट फाटले असतील तर बदलणं आणि ब्रेकसाठीचं सिलिकोन किंवा सिंथेटिक ग्रीस लावणं. साधं पिवळं ग्रीस लावू देऊ नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिन हाताने सहज आत-बाहेर व्हायला हवी. नुसते नवे पॅड टाकून गाडी परत दिली तर तेही तितक्याच किलोमीटरमध्ये संपतील.

५. डावीकडचे दोन्ही पॅड संपले, उजवीकडचे ठीक आहेत. मग?

त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. आधी खात्री करा. दहा-पंधरा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवा आणि थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. दोन्ही बाजू साधारण सारख्या असायला हव्यात. एका बाजूचा आकडा खूप वर असेल तर ती बाजू धरते आहे. थर्मामीटर नसेल तर चाकाजवळ हात धरा, उष्णता आणि जळका वास लपत नाही. डिस्कला हात लावू नका, कातडी सोलून निघेल.

पुढची तपासणी मेकॅनिकची. चाक उचलून हाताने फिरवायचं. अडत असेल तर कॅलिपरचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) किंचित सैल करायचा. चाक मोकळं झालं तर ऑइलचा दाब आत कोंडला होता, दोष होजपाइपचा (कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी) किंवा वरच्या मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा भाग). मोकळं झालं नाही तर दोष कॅलिपरचा किंवा पिनांचा. ही दहा मिनिटांची परीक्षा आहे, ती न करता "पॅड बदलून बघू" म्हणणारा तुमचेच पैसे खर्च करून अंदाज बांधतोय.

पुढची दोन्ही चाकं एकदम धरत असतील तर रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि पाय काढल्यावर ब्रेकलाइट विझतो का पाहा. विझत नसेल तर पेडलच पूर्ण वर येत नाही.

६. मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले. असं होतं का?

होतं, आणि चारही डिस्क असलेल्या नव्या गाड्यांत बऱ्याचदा होतं. मागचे पॅड मुळातच लहान आणि पातळ असतात. इलेक्ट्रॉनिक ब्रेक वाटप हलक्या ब्रेकिंगमध्ये मागच्या चाकांना जुन्या गाड्यांपेक्षा जास्त काम देतं. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच घसरू न देणारा), स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी वळणावर घसरू न देणारा) आणि पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल पाय न लावताही ब्रेक वापरतात. त्यामुळे दोन्ही मागची चाकं सारखी झिजली असतील तर काळजी नको. एकच झिजलं असेल तर हँडब्रेकची केबल किंवा कॅलिपर तपासा. हँडब्रेक एक-दोन खाचा वर राहून गेला आणि गाडी तशीच चालवली, हेही नेहमीचं कारण आहे.

७. गाडी फक्त गावात चालते, राजवाडा ते पलासिया, विजयनगर. हायवेला जातच नाही. तरी पॅड का जातात?

म्हणूनच जातात. हायवेवर ५० किमीत जेवढे ब्रेक लागतात तेवढे मालगंजपासून राजवाड्यापर्यंत लागतात.

यात एक गैरसमज आहे. सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिल्याने पॅड झिजत नाहीत, कारण चाक फिरतच नसतं. झिजतात ते सरपटताना. ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये आपोआप पुढे सरकते आणि आपण तिला ब्रेकने रोखत रोखत रांगेत नेतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सरका.

दुसरं कारण वेग. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ६० ऐवजी ८० वरून थांबताना ब्रेकवर सुमारे पावणेदोन पट काम पडतं. रिंग रोडवर दोन सिग्नलांच्या मध्ये ८० गाठून पुन्हा दाबून थांबणाऱ्याचे पॅड आधी जाणारच, आणि पोहोचायचा वेळ वाचतो म्हणावं तर तोही नाही.

तिसरं, डावा पाय. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर अशी सवय लागलेले बरेच जण आहेत. डावा पाय नकळत पेडलवर टेकलेला राहतो. मागून येणाऱ्याला विचारा, तुमचा ब्रेकलाइट सतत पेटलेला असतो का.

८. ओंकारेश्वर, महेश्वर किंवा पुण्याला जाऊन आलो की ब्रेक मऊ लागतो, वास येतो. घाटात नेमकं काय चुकतं?

ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरू घाट, महेश्वरच्या वाटेवर मानपूर आणि गणेश घाट, पुण्या-नाशिकला जाताना सेंधव्याचा बिजासन घाट (विमानतळाजवळची बिजासन टेकरी नव्हे). माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचं म्हणजे उतार आलाच. गणेश घाटात ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात इथे सगळ्यांना माहीत आहेत. कारणाचं मूळ तेच, फक्त आपली गाडी हलकी.

माणसं आणि सामानासह १,४०० किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा साधारण तेवढीच ऊर्जा जिरवावी लागते जेवढी तिला ६० च्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबवायला लागते. ही सगळी उष्णता पॅडमध्ये घालायची की इंजिनाला द्यायची, हे गिअर ठरवतो.

म्हणून ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुधा दुसरा किंवा तिसरा. ऑटोमॅटिकमध्ये डी वर विसंबू नका, मॅन्युअल, एल (खालचा गिअर) किंवा जे असेल ते निवडा. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबून १५-२० ने उतरवा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागते.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं सोडा. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन इंधन बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी ते जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ब्रेकचा भुगा होतो. पेडल मऊ पडलं तर गिअर खाली आणा, सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. घरी आल्यावर प्रश्न १४ मधलं ऑइल तपासा.

९. गाडी वॉरंटीत आहे. पॅड फुकट मिळतील का?

पॅड, लायनर, वायपर, क्लच प्लेट यांना झिजणारे भाग मानून बहुतेक कंपन्या वॉरंटीतून वगळतात. काही कंपन्या सुरुवातीच्या ठरावीक किलोमीटरपर्यंत उत्पादन-दोषासाठी त्यांनाही वॉरंटी देतात, म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतलं ते पान आधी वाचा.

मात्र कॅलिपर, होजपाइप, मास्टर सिलिंडर, हँडब्रेकची यंत्रणा हे झिजणारे भाग नाहीत. त्यांच्यात दोष निघाला तर दुरुस्ती वॉरंटीत मागता येते, आणि त्या दोषामुळे पॅड गेला असेल तर पॅडही त्याच दाव्यात मागा. तुमची मागणी "पॅड फुकट द्या" अशी नसावी. "आतला २ मिमी, बाहेरचा ८ मिमी, कॅलिपर का अडकला ते लिहून द्या" अशी असावी. पहिली मागणी दोन मिनिटांत फेटाळली जाते, दुसरीला उत्तर द्यावं लागतं.

१०. सर्व्हिस सेंटर "वेअर अँड टेअर" म्हणून हात वर करतं. पुढे काय?

जुने पॅड ताब्यात घ्या, तुमचेच आहेत. चाक काढलेलं असतानाचे फोटो घ्या, त्यात पॅडची जाडी आणि गाडीचा नंबर दिसू द्या. तक्रार कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने करा आणि फोनवर झालेलं बोलणंही नंतर ईमेलमध्ये लिहा. दुसऱ्या शहरातल्या किंवा दुसऱ्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये मोजणी करून घेतली तर तुमचा मुद्दा भक्कम होतो.

तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. गाडी पुण्यात घेतली आणि राहता इंदूरला, तरी इंदूरला तक्रार करता येते. पण सगळ्या खटपटीची किंमत एका पॅड-जोडापेक्षा जास्त होते. तेव्हा एकदाच गेलेल्या पॅडसाठी नव्हे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषासाठी ही वाट धरा.

११. पॅडबरोबर डिस्कही बदला म्हणतात. खरंच लागते का?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजून त्याखाली असेल तरच बदल आवश्यक. बोटाच्या नखाला लागतील अशा खोल चऱ्या, तडे किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरणं हीही कारणं. थरथर असेल तर डिस्कचा डोल (फिरताना ती डावी-उजवीकडे किती हलते) डायल गेजने मोजायला सांगा. सर्वसाधारणपणे ०.१ मिमीच्या आतच तो चालतो. बदलायच्या झाल्या तर डावी-उजवी जोडीनेच.

थरथरीचं एक नेहमीचं आणि फुकटात टळणारं कारण: टायरवाला हवेच्या गनने नट वेडेवाकडे आवळतो आणि डिस्क किंचित तिरकी बसते. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने करून घ्या.

१२. पॅड बाहेरच्या मेकॅनिककडून टाकले तर चालतील?

मेकॅनिक जाणता असेल तर चालतील. कंपनीचा पॅड घ्या किंवा ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकाचा, पक्क्या बिलासह. पॅड एका ॲक्सलचे (पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे) चारही एकत्र बदलतात, एका चाकाचे दोन नव्हे.

हँडब्रेक बटणाचा असेल तर मागचे पॅड काढण्याआधी स्कॅनरने तो दुरुस्ती-अवस्थेत न्यावा लागतो. स्कॅनर नसलेल्या माणसाला मागे हात लावू देऊ नका. आणि कॅलिपरमध्येच हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत आत घालावा लागतो. जोराने दाबला तर आतली यंत्रणा मोडते. काम चालू असताना कॅलिपर होजपाइपवर लोंबकळत ठेवलेला दिसला तर तिथेच थांबवा, तो तारेने बांधायचा असतो.

१३. नवे पॅड टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतो. फसवलं का?

बहुधा नाही. नवा पॅड आणि डिस्क एकमेकांना पूर्ण टेकायला थोडं अंतर लागतं. रिकाम्या रस्त्यावर ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू द्या आणि गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका. पुढचे २००-३०० किमी करकचून ब्रेक टाळा. गॅरेजमधून निघण्याआधी उभ्या गाडीत पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक थेट खाली जाईल. त्यानंतरही पेडल मऊ असेल तर ऑइलच्या नळीत हवा आहे, गाडी परत गॅरेजमध्ये घाला.

१४. ब्रेक ऑइल कमी झालंय. टाकू का?

थांबा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतलं ऑइल तेवढं खाली जातं. ही गळती नव्हे, सूचना आहे. वरून भरलं तर नवे पॅड टाकताना तेच ऑइल बाहेर सांडेल आणि रंग उडवेल. पातळी किमान खुणेच्या खाली गेली आणि पॅड मात्र जाड असतील, तर गळती शोधा.

ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत येते, आणि घाटात पेडल मऊ पडायचं हेही एक कारण. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. झाकणावर लिहिलंय तेच टाका. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

१५. पावसाळ्यात डिस्कवर गंज येतो, सकाळी गाडी अडकून सुटते. नुकसान होतं का?

रात्रीतला तांबूस थर दोन-चार ब्रेकमध्ये जातो. त्याचं काही नाही. इथली काळी माती मात्र वाईट. शेतरस्त्यावरून आलेली गाडी तशीच वाळली तर ती कॅलिपर आणि ड्रमच्या आत घट्ट बसते. त्याच दिवशी आतून पाण्याचा साधा फवारा मारा, डिस्क गार झाल्यावर. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकूड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

१६. दर सर्व्हिसला ब्रेक क्लीनिंगचे पैसे लावतात. द्यावेत का?

वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, हो. पण त्यात पिना काढून ग्रीस लावणं आणि प्रश्न २ मधले आकडे असायलाच हवेत. नुसता स्प्रे मारून पॅडवर पॉलिश पेपर घासण्याला पैसे देऊ नका.

१७. इलेक्ट्रिक गाडीचे पॅड संपत नाहीत म्हणतात. आमचे का संपले?

रिजनरेशन (वेग उतरवताना मोटरने गाडी रोखून बॅटरी भरणं) सर्वांत कमी ठेवलंय का पाहा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना रिजनरेशन घटतं, त्यामुळे १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरलात तर सगळा भार पॅडवर येतो. उलट बाजूही आहे: पॅड वापरातच नसल्याने डिस्क गंजतात आणि पिना अडकतात. मग पॅड जाड पण ब्रेक कमजोर, असं होतं. तपासणी प्रश्न ४ प्रमाणेच.

१८. डीलरची डेमो गाडी ६,००० किमी दाखवून घेतली. तिचे पॅड ४ मिमीवर आहेत. शंका घ्यावी का?

घ्यावी, पण निष्कर्ष लगेच नको. डेमो गाडीवर रोज नवा माणूस कचकचून ब्रेक मारून बघतो, त्यामुळे पॅड लवकर जाणं शक्य आहे. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, टायरची उरलेली खोली आणि टायरवरचा उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा चार आकडी क्रमांक यांच्याशी मेळ घाला. टायरही निम्मे गेले असतील तर कंपनीच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चॅसी नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी काढा, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर असतात. गाडी अजून ताब्यात घेतली नसेल तर नवे पॅड डीलरच्या खर्चाने, आणि ते डिलिव्हरी नोटवर लिहून घेतल्याशिवाय चावी घेऊ नका.